चातुर्मास आणि तणमोर



चातुर्मासात माताजी एकाच गावी का थांबतात, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पावसाळ्यात गवतात असंख्य जीव जन्मतात, चालताना पायाखाली हिंसा नको. याच महिन्यांत वऱ्हाडातल्या माळावर तणमोराची वीण चालते. कोंबडीएवढा हा पक्षी. मादी गवतात जमिनीवरच अंडी घालते आणि नर गवताच्या वर उड्या मारमारून तिला बोलावतो. २०१७ साली वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बीएनएचएस, कॉर्बेट फाउंडेशन आणि राज्यांच्या वनखात्यांनी मिळून या नरांची मोजणी केली. साऱ्या देशात अंदाजे २६४!

कारंजा आपल्याला परकं नाही. शकुंतला चालू होती तेव्हा दारव्ह्याहून तीत बसून आपण दर्शनाला जात होतो. त्याच कारंज्याची ‘संवेदना’ संस्था अकोला-वाशीमच्या गावांत फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर राखते. फासे लावून तितर-बटेर धरणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, ज्यांच्यावर इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार असा शिक्का मारला, तेच आता पक्षी कुठे दिसला याची नोंद ठेवतात, गवत राखतात. कारण माळ त्यांच्याइतका कुणालाच वाचता येत नाही. शास्त्रज्ञालाही नाही.

आणि आपण? आपल्या मंडळाने ई-क्लासच्या माळावर रोपं लावली, फोटो काढले. खड्डे करणाऱ्यांत मीही होते. तणमोराला मोकळं गवत लागतं, झाडी नाही, हे मला फार उशिरा कळलं. आपण पुण्य समजून त्याचं घर मोडत होतो.

दशलक्षणात जमणारा जीवदयेचा पैसा दरवर्षी गोरक्षणाला जातो. जावा, पण सगळाच का? त्यातला थोडा गवत राखणाऱ्यांना द्यावा, असं माझं मत आहे. एक काकू म्हणाल्या, “पारध्यांना? ते तर शिकारी!” मी म्हटलं, काकू, शिकार सोडणं ज्यांना खरोखर जड गेलं असेल, त्यांचा त्याग मोठा की जन्मतःच शाकाहारी असलेल्या आपला? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, बोलल्या नाहीत.

रविवारी मंडळाची बैठक आहे. रोपांचा विषयही त्याच दिवशी निघणार आहे. या वर्षी ती माळावर नकोत, शाळेच्या आवारात लावू, हे मी मांडणार आहे.