अवतार तुमचा, पण साचा कोणाचा?

मित्रहो, जुलै महिन्यात कधी परळ-लालबागच्या गल्ल्यांतून फेरफटका मारला आहे का? मारला नसेल तर अवश्य मारा. पावसापासून बचाव करणारे ताडपत्रीचे मांडव दिसतील. आत डोकावले की पांढऱ्या गणपतींच्या रांगा दिसतील. कोणाचा हात अजून बसवायचा आहे, कोणाचा मुकुट सुकतो आहे. रंग अजून कोणालाच नाही आणि डोळेही नाहीत. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती कारखान्यातला सर्वांत सरावलेला हातच करतो.

अशाच एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या ओळखीचे एक कुटुंब राहते. त्यांचा आठवीतला मुलगा एके दिवशी मोबाइल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, हा बघा माझा अवतार! मी बनवला."

पडद्यावर निळ्या केसांचा, काळ्या जाकिटाचा एक छोकरा उड्या मारत होता. छान दिसत होता. मी विचारले, "यातले तू काय काय बनवलेस?"

"केस निवडले, जाकीट निवडले, बूट विकत घेतले."

"निवडले आणि घेतले. मग बनवले कोणी?"

तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, मला फेटा हवा होता. पण तो दुकानात नव्हताच."

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या न मिळालेल्या फेट्याविषयी.

आपलाच शब्द परत आला

बाहेर खेळून, चिखलाने माखून घरी आल्यावर आई म्हणते, "काय हा अवतार!" हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. मूळ संस्कृत अर्थ 'खाली उतरणे'. १९८५ साली 'अल्टिमा ४' या संगणक-खेळाने तो उचलला. १९८६ मध्ये लुकासफिल्म या कंपनीच्या 'हॅबिटॅट' या खेळात तो वेगळ्या अर्थाने रुळला. टेलिफोनच्या तारेने जोडलेले घरगुती संगणक वापरून अनेक लोक एकाच काल्पनिक गावात वावरू लागले. त्या गावात प्रत्येकाच्या वतीने फिरणारी जी आकृती असे, तिला 'अवतार' म्हणू लागले. माणूस खुर्चीवरच बसलेला, पण रूप घेऊन पडद्यावर उतरलेला. नाव मोठे समर्पक आहे!

पुढे २००३ साली 'सेकंड लाइफ' आले. तिथे गोळा, ठोकळा, नळकांडे असे साधे आकार जोडून रहिवासीच घरे, कपडे, दागिने घडवू लागले. 'माइनक्राफ्ट', 'रोब्लॉक्स' ही नावे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

हे सारे अवतार तयार कसे होतात, हे मात्र फार थोडे जण विचारतात. त्याचे उत्तर समजायला त्या मुलाला जिना उतरून खाली जाणे पुरेसे होते.

आतून दोघेही पोकळ

प्लॅस्टरची मोठी गणेशमूर्ती भरीव नसते. साच्याच्या आतल्या बाजूला प्लॅस्टर आणि काथ्या यांचा थर देतात. तो सुकला की साचा सोडवतात. हाती येते ते नुसते कवच. पडद्यावरचा अवतारही असाच पोकळ असतो. त्याला पोट नाही, आतडी नाहीत, आहे तो फक्त पृष्ठभाग. हा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांच्या जाळीने बनलेला असतो.

आता तुम्ही विचाराल, त्रिकोणच का? चौकोन का नाही? घरातले चार पायांचे स्टूल आठवा. फरशी थोडी उंचसखल असली की ते डुगडुगते. तीन पायांचे तिपाई कधीच डुगडुगत नाही. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंमधून एक आणि एकच सपाट पातळी जाते. म्हणून त्रिकोण कधी मुरडत नाही, चौकोन मुरडू शकतो. संगणकाला हा हिशेब सोपा पडतो. प्रत्येक कोपऱ्याची जागा तीन आकड्यांत सांगायची: किती उजवीकडे, किती वर, किती पुढे. भूमितीच्या तासाला शिकलेले अक्ष इथे उपयोगी पडतात.

आणि एक गंमत सांगतो. १९७२ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एडविन कॅटमल या विद्यार्थ्याला संगणकावर हात काढायचा होता. त्याने काय करावे? स्वतःच्या डाव्या हाताची प्लॅस्टरची प्रतिकृती केली! मग तिच्यावर रेघा मारून सुमारे ३५० बहुभुज आखले, त्यांच्या कोपऱ्यांची मापे घेतली आणि ती संगणकाला पुरवली. पडद्यावर बोटे हलवणारा हात उमटला. हाच कॅटमल पुढे 'पिक्सार' या चित्रपटसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. म्हणजे संगणकातल्या त्या शरीराची सुरुवात लालबागच्या कारखान्यासारखीच झाली. आधी प्लॅस्टर, मग आखणी!

त्रिकोण जितके जास्त, तितका आकार गोलसर दिसतो. पण त्यालाही मर्यादा आहे. समजा एका सभागृहात १०० अवतार जमले आणि प्रत्येकात १०,००० त्रिकोण आहेत. झाले १० लाख. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा काढायचे. म्हणजे सेकंदाला ६ कोटी त्रिकोण! साध्या मोबाइलला धाप लागेल. म्हणून रोब्लॉक्समध्ये टोपीसारख्या एका वस्तूला ४,००० त्रिकोणांची मर्यादा आहे. कमी त्रिकोणांत जास्त रूप कसे साधावे, हीच या कारागिरीतली खरी कसोटी.

निवड म्हणजे निर्मिती नव्हे

दुकानदार म्हणेल, "आमच्याकडे हजारो प्रकार आहेत." त्याचे म्हणणे खोटे नाही. २० प्रकारचे केस, ३० प्रकारचे सदरे आणि कातडीच्या १० छटा असल्या, तर २० × ३० × १० म्हणजे ६,००० रूपे होतात. आकडा मोठा आहे. पण त्यातले एकही तुम्ही घडवलेले नाही आणि त्या ६,००० मध्ये फेटा नाही तो नाहीच. मांडणीवर कोणत्या वस्तू ठेवायच्या हे दुसऱ्याच कोणी ठरवले. तुम्ही फक्त बोट दाखवलेत.

गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या स्त्रिया मोटारसायकलवरून जाताना तुम्ही पाहिल्या असतील. तशी नऊवारी अवताराला नेसवायची झाली तर? त्या विचारातही विज्ञान आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पण संगणकाला वारांशी कर्तव्य नसते. तो विचारतो, दिसणारा पृष्ठभाग कसा आहे? पाचवारी साडी किंवा परकर म्हणजे एक रुंद नळी, दोन्ही पाय तिच्या आत. अवतार धावू लागला की पाय कापडातून बाहेर घुसतात. नऊवारीचा मात्र कासोटा घातलेला असतो, म्हणून प्रत्येक पायाभोवती वेगळी नळी होते. आकाराच्या दृष्टीने ती साडीपेक्षा विजारीच्या जवळची! म्हणून ती नेसलेला अवतार सहज धावतो. आपल्या पणज्या नऊवारीत शेतात राबत आणि कोळणी आजही त्यात झपाझप चालतात, त्याचे कारण हेच.

ही गोष्ट दूर देशी बसलेल्या कारागिराला कोण सांगणार? ज्याच्या घरात नऊवारी आहे त्यानेच ती घडवली पाहिजे.

मूर्ती जाते, साचा राहतो

काही पालक म्हणतील, "ही सगळी पोरखेळाची थेरे. अभ्यास करा." त्यांची काळजी मी समजू शकतो. मुले तासन्‌तास पडद्यासमोर बसतात आणि घरातले पैसे आभासी बुटांवर उडवतात. त्याला माझाही विरोध आहे. पण रोग ओळखून औषध द्यावे. निव्वळ विकत घेणे हा रोग आहे, घडवणे हा नव्हे.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी रोपट्याची वाढ होताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले आणि ती वाढ पडद्यावर पळवून दाखवली. कोणाला तोही पोरखेळ वाटला असता. त्यांनीच दादरला राहून 'राजा हरिश्चंद्र' तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही रंगवला आणि सीताही. एक देह, दोन अवतार! रूपे घडवण्याचे काम आपल्या या भागाला नवे नाही. साधन तेवढे बदलले आहे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. 'क्लब पेंग्विन' नावाचे मुलांचे एक आभासी जग २००५ मध्ये सुरू झाले. मुले आपल्या पेंग्विनला टोप्या घालत, त्याचे इग्लू सजवत. ३० मार्च २०१७ रोजी ते बंद करण्यात आले. त्या टोप्या गेल्या, इग्लूही गेले. 'प्लेस्टेशन होम' हे जगही ३१ मार्च २०१५ रोजी असेच मिटले. दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेली वस्तू, आपण पैसे मोजले तरी, पूर्णपणे आपली नसते.

आता गिरगाव चौपाटी आठवा. अनंत चतुर्दशीला मूर्ती समुद्रात जाते. डोळे पाणावतात, पण कोणी हवालदिल होत नाही. कारण साचा परळच्या कारखान्यात सुरक्षित असतो आणि कला कारागिराच्या हातात असते. पुढल्या वर्षी बाप्पा पुन्हा येणार, ही खात्री त्या साच्यात आहे. अवताराचेही तसेच आहे. ज्याने तो स्वतः घडवला आणि त्याची मूळ प्रत घरच्या संगणकात जपून ठेवली, त्याचे जग बंद पडले तरी सगळेच बुडत नाही. ज्याने केवळ विकत घेतला, त्याच्याकडे विसर्जनानंतर पाटही उरत नाही.

कोणी म्हणेल, कारखान्यातला कारागीरही जुनाच साचा वापरतो की! बरोबर आहे. नवशिका आधी साच्यातून काढायलाच शिकतो. तयार अवतार घेऊन सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त तिथेच थांबू नका, एवढेच माझे सांगणे आहे.

तर मग लागा कामाला

पहिली पायरी रंगवण्याची. माइनक्राफ्टमधल्या अवताराचा पोशाख म्हणजे ६४ × ६४ चौकटींचे एक चित्र असते. एकूण ४,०९६ चौकटी. त्यांपैकी ज्या अंगावर दिसतात, त्या आधी आलेखाच्या कागदावर रंगवून पाहा. फेट्याची घडी मोजक्या चौकटींत कशी दाखवाल?

दुसरी पायरी घडवण्याची. एक बटाटा घ्या. त्याच्यावर शाईने बिंदू काढा आणि ते जोडून सारा पृष्ठभाग त्रिकोणांनी झाका. कोपऱ्याला कोपरा नीट जुळला पाहिजे बरे का! मग बिंदू, रेषा आणि त्रिकोण मोजा. बिंदूंतून रेषा वजा करून त्रिकोण मिळवा. उत्तर नेहमी २ येईल. जाळी कशीही आखा, २ च! हा ऑयलर या गणितज्ञाचा नियम. नंतर शाळेच्या संगणकावर 'ब्लेंडर' मागून घ्या. ही आज्ञावली २००२ पासून सर्वांना खुली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

तिसरी पायरी हलवण्याची. जाळीच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा आणि कोणत्या हाडाबरोबर कोणता त्रिकोण किती ओढला जाईल ते ठरवायचे. कळसूत्री बाहुलीचे दोरे ज्याने पाहिले आहेत त्याला हे चटकन उमगेल. स्वतःचे कोपर वाकवून पाहा. आतली कातडी कशी दुमडते, बाहेरची कशी ताणते? शरीरशास्त्राचा हा धडा मग विसरणे नाही.

दोन पथ्ये मात्र पाळा. अवताराला स्वतःचा फोटो, शाळेचे नाव किंवा पत्ता चिकटवू नका. आणि आईवडिलांना विचारल्यावाचून एक रुपयाही खर्चू नका.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. चित्रकला, भूमिती, शिवण आणि संगणक हे चार तास आपण वेगवेगळे घेतो. वर्षातून एकदा ते एकत्र आणून प्रत्येक मुलाकडून एक फेटा, एक नऊवारी किंवा एक कोळ्याचा रुमाल घडवून घेतला, तर चारही विषय एकमेकांना ओळखू लागतील.

तो आठवीतला मुलगा सध्या फेट्याच्या मागे लागला आहे. पहिला फेटा कोबीच्या गड्ड्यासारखा झाला. दुसरा अवताराच्या कानातून आरपार गेला. परवा तो खालच्या कारखान्यात बसून होता. मूर्तिकार फेट्याचा पीळ ओल्या मातीत कसा वळवतात, ते पाहत होता. मी विचारले, "काय रे, जमले का?"

तो म्हणाला, "अजून नाही काका. पण आता कुठे चुकते ते कळते."

मित्रहो, दुकानातून घेतलेल्या जाकिटाने त्याला हे कधीच शिकवले नसते.