घरच्या सर्व्हरलाही पत्ता हवा

‘घरी सर्व्हर कशाला ठेवता सर, क्लाऊडवर टाका की सगळं!’ हा सल्ला हल्ली फुकट मिळतो. मला तो मान्य नाही. जुन्या कॉम्प्युटरवर उर्दू-मराठीचे धडे आणि घरातल्या बुजुर्गांच्या दखनी बोलीचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं, विद्यार्थ्यांनी ते आपापल्या मोबाइलवर उघडलं, तर बिघडलं कुठे? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, आठवतं ना? दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं सामान मालक म्हणेल तेव्हा उचलावं लागतं.

पण अडचण अशी की घरातल्या वायफायवर झटक्यात उघडणारा सर्व्हर शिरूरहून उघडतच नाही. तक्रार करा, एकच उत्तर येतं: ‘राउटर बंद करून चालू करा.’ दौंडमध्ये हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तो मला इलाज नाही, टाळाटाळ वाटते.

तपास क्रमानेच करावा. सर्व्हरवरून आधी राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नाही, तर केबल किंवा घरातलं वायफाय पाहा. दुसऱ्याला नाही, तर बाहेरची लाइन. फक्त तिसऱ्याला नाही, तर डीएनएस. तिन्ही ठीक आहेत आणि पोर्ट फॉरवर्डिंगही केलं आहे? मग राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल, तर दोष तुमच्या घरात नाही. कंपनीने अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटला आहे. याला सीजी-नॅट म्हणतात.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बिऱ्हाडं पन्नास, पत्ता एक. तुम्ही पत्र पाठवलंत तर देवडीवरचा माणूस नोंद ठेवतो आणि उत्तर तुमच्यापर्यंत पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर ते कोणाकडे आलं हे त्याला कळत नाही. तो त्याला परत पाठवतो. तुमच्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच होतं.

कंपन्या म्हणतात, पत्तेच संपले. खरं आहे. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. पण आयपीव्ही६ त्याआधीच तयार होतं, आणि त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही. ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं घरगुती वायरचं प्रत्येक नवं कनेक्शन आयपीव्ही६ चालवू शकणारं हवं, असं दूरसंचार विभागाने ठरवून दिलं होतं. मग सबब कसली?

कुणी म्हणेल, टनेल वापरा. वापरा, पण वाट पुन्हा दुसऱ्याच्या मशिनवरूनच जाते. कुणी म्हणेल, घर उघडं पडेल. म्हणून फायरवॉल लावा, पक्का पासवर्ड ठेवा, अपडेट चुकवू नका. चोराच्या भीतीने दाराला कुलूप लावतात, दार भिंतीत चिणून टाकत नाहीत.

म्हणून नवं कनेक्शन घेताना स्पीडच्या आधी दोन प्रश्न विचारा: आयपीव्ही६ मिळेल का, आणि ते बाहेरून येणारी जोडणी अडवणार नाही ना? नाही म्हणाले, तर स्टॅटिक आयपीचा दर लेखी मागा. आपल्या मुलांनी इंटरनेटवर फक्त दुसऱ्यांचं पाहत बसायचं नसेल, आपलंही काही मांडायचं असेल, तर हा हक मागावाच लागेल.