सत्कार पुरे, आता सोबत द्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. बारामती असो वा इंदापूर, ‘मुलींनी बाजी मारली’ म्हणत आपण ट्रॉफ्या वाटतो, फोटो टाकतो. पाच-सात वर्षांनी त्यातली कोण गणितात पुढे गेली, हे विचारायला कुणी फिरकत नाही.

दोस्तांनो, मुलींची बुद्धी कमी पडत नाही. सोबत कमी पडते.

गणिताला कागद आणि पेन पुरतं, हे अर्धसत्य आहे. अडलेलं कुणाला दाखवायचं? सिद्धतेतली चूक कोण पकडणार? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोड पुढे सरकत नाही. मग गणित करणाऱ्या मुलीनेच एकटीने का झुंजावं?

आपण मरियम मिर्झाखानीचं नाव अभिमानाने घेतो. 1936 पासून दिलं जाणारं फील्ड्स पदक 2014 मध्ये मिळवणारी ती पहिली स्त्री. पण तेहरानच्या शाळेत तिच्यासोबत रोया बेहेश्ती नावाची मैत्रीण होती आणि मुलांच्या शाळेइतकीच संधी मुलींना मिळावी म्हणून झटणारी मुख्याध्यापिका होती, हे आपण सांगत नाही. 1994 मध्ये इराणच्या ऑलिंपियाड संघात दोघी मैत्रिणी गेल्या. पुढे रोयाही गणिताची प्राध्यापक झाली.

आपल्याकडे बघा. मंगला नारळीकरांनी 1981 मध्ये, लग्नानंतर पंधराएक वर्षांनी, के. रामचंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली. जिद्द त्यांचीच होती. पण पती टीआयएफआरमध्ये प्राध्यापक असल्याने गणितज्ञांचं जग त्यांच्या दाराशी होतं. निमगाव केतकीच्या सुनेच्या दाराशी काय आहे? जे एखादीला योगायोगाने मिळतं, ते बाकीच्यांना व्यवस्थेतून मिळायला हवं.

ही व्यवस्था कशी चालते, तेही माहीत आहे. 2008 मध्ये कॅनडातल्या बॅन्फ इथे ‘विमेन इन नंबर्स’ सुरू झालं. अनुभवी संशोधक स्त्रिया आणि नवशिक्या मुली यांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक खराखुरा प्रश्न, आठवडाभर एकत्र काम आणि पुढे सगळ्यांच्या नावाने शोधनिबंध. भाषणं ऐकून घरी जायचं नाही, काम करायचं. भारतात ‘इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स’ राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या मदतीने परिषदा आणि कार्यशाळा घेतं. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, आयसर आहे. पण आपल्या किती पोरींना ही नावं कुणी सांगितली?

काही जण म्हणतील, बायकांचा वेगळा गट म्हणजे नवा पडदाच की! नाही. पडदा बाहेर पडू देत नाही, हा गट बाहेर पडायला बळ देतो. या गटांतले निबंध सगळ्या जगासमोर जातात आणि त्यांना सगळ्यांचेच निकष लागतात.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड आणि म्हणूनच जास्त घातक आहे: ‘हल्ली सगळं ऑनलाइन आहे, घरी बसूनच कर.’ अब्बा, भाईजान, मुलगा कोटाला किंवा पुण्याला निघाला तेव्हा हे का नाही सुचलं? ऑनलाइन बैठक जोड म्हणून हवी, कुलूप म्हणून नको. चार आठवड्यांच्या शिबिरात फळ्यासमोर भांडून जे कळतं, ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फोन टेकवून कळत नाही.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने 2022 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण निकाह लवकर उरकण्याची घाई सरकारने लावलेली नाही, ती आपली आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतल्या गणिताच्या मुलींचा, सर्व जातिधर्मांच्या, एक सामाईक गट करा. आठवड्यातून एकदा भेट, महिन्यातून एकदा पुण्याहून एखादी संशोधक. पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे, एसटी धावते. एका सत्काराच्या मंडपाचा खर्च वाचवला तर काही मुलींचं शिबिराचं भाडं निघेल. आणि बहिणीचं स्थळ बघताना हुंड्याइतकाच स्पष्ट नकार ‘शिक्षण बंद’ या अटीलाही द्या.

ट्रॉफी कपाटात धूळ खाते. सोबत मिळालेली मुलगी उद्या दुसरीला सोबत देते.