कृत्तिकांचा फोटो, घरच्या गच्चीवरून

कार्तिकात संध्याकाळी पूर्वेला चांदण्यांचा एक लहानसा पुंजका वर येतो. याच कृत्तिका. साध्या डोळ्यांना सहा दिसतात, नजर तीक्ष्ण असेल तर सात. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहून छत्तीस तारे कागदावर मांडले. प्रत्यक्षात या तारकागुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे. म्हणजे आज कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा दिल्ली-आग्र्यावर अकबराचे राज्य होते!

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका ठीक पूर्वेला उगवतात, असा उल्लेख आहे. आज त्या बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. एवढ्या फरकावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तो उल्लेख इ.स.पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरवला. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ चा.

झाशीजवळच्या बिजौलीत राहणारे या बाबतीत भाग्यवान. तिथे कृत्तिका जवळजवळ थेट डोक्यावरून जातात. डोक्यावर हवेचा थर सर्वांत पातळ, त्यामुळे फोटो स्वच्छ येतो. पुण्या-मुंबईतही त्या पाच-सहा अंशच कलतात.

फोटोसाठी मोठी दुर्बीण नको. हा गुच्छ चार पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढा रुंद आहे, मोठ्या दुर्बिणीत तो मावतच नाही. ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण पुरे. नेत्रिका काढून तिथे कॅमेरा बसवा आणि शेजारच्या तेजस्वी रोहिणीवर फोकस साधा. पृथ्वी फिरत असल्याने सेकंदाभरातच तारे रेघोट्या होतात, म्हणून ताऱ्यांमागे फिरणारी मोटार लावलेली बैठक हवी. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखा. मग तीस-तीस सेकंदांचे साठ फोटो घ्या आणि संगणकावर एकावर एक चढवा. फोटोतला रवाळपणा जवळपास आठपट घटतो. त्यासाठी डीपस्कायस्टॅकरसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

रात्र मात्र जपून निवडा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्याच जवळ असतो. दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर. तेव्हा त्यानंतरची, कार्तिकातली अमावास्या उत्तम.

कृत्तिकांभोवती धुळीचे फिकट निळे धुके आहे. ते फोटोत उतरेल की नाही, हे दुर्बिणीच्या किमतीपेक्षा गल्लीतल्या दिव्यांवर अधिक अवलंबून असते. म्हणून आधी आपल्या गच्चीचा दिवा मालवा आणि शेजाऱ्यांना अर्ध्या तासासाठी त्यांचाही मालवायला सांगा. बदल्यात फोटो दाखवायला बोलवा. नाही म्हणणारा शेजारी विरळाच!