शब्दप्रामाण्य आणि सिद्धता

दोन ही संख्या १३,६२,७९,८४१ वेळा मांडून त्या सर्वांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे ४,१०,२४,३२० अंकांची एक प्रचंड संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून अन्य कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. तोवर ज्ञात असलेल्या मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी. १९९६ पासून चालत आलेल्या एका स्वयंसेवी शोधमोहिमेत अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांना ती गवसली. हिचा उपयोग काय, असे व्यवहारी माणूस विचारील. तूर्त काही नाही, हेच प्रामाणिक उत्तर होय. गुप्त संदेशांच्या कामी काही शे अंकांच्या मूळ संख्या पुरतात. तथापि या शोधामागची शिस्त आम्हांला मोलाची वाटते.

या जातीच्या संख्या मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखल्या जातात. दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केला असता मूळ संख्या मिळते, याची यादी त्याने १६४४ मध्ये दिली. तीत ६७ वा घात होता. सिद्धता मात्र नव्हती. थोर विद्वानाचा तो शब्द २३२ वर्षे टिकला. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने तो चुकीचा ठरविला आणि १९०३ मध्ये अमेरिकेच्या कोल यांनी त्या संख्येचे अवयवच विद्वत्सभेपुढे ठेवले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार शाळकरी मुलालाही कागदावर पडताळता येतो. तेथे मेर्सेनची थोरवी चालत नाही, कोलची पदवीही लागत नाही.

२०२४ मध्येही हाच दंडक पाळला गेला. डब्लिनमधील यंत्राने पहिला संकेत दिला. सॅन अँटोनिओमधील यंत्राने दुसऱ्या कसोटीने तो पक्का केला. पुढे निरनिराळ्या यंत्रांवर फेरतपासणी झाली आणि मगच घोषणा झाली.

गोमंतकात जन्मलेले गणितज्ञ दामोदर कोसंबी यांनी हीच शिस्त इतिहासात आणली. प्राचीन नाण्यांविषयी बोलण्यापूर्वी त्यांनी हजारो नाणी तराजूत तोलली.

आमच्या सार्वजनिक जीवनात मात्र पुरावा मागणे हा उपमर्द समजला जातो. एखादा प्रकल्प किती रोजगार देईल, याचा आकडा व्यासपीठावरून फेकला जातो. त्यामागची आकडेमोड कोणी विचारीत नाही, आणि विचारलीच तर विचारणाराच विघ्नसंतोषी ठरतो. वर्गात ‘हे कशावरून?’ म्हणणाऱ्या मुलालाही आपण खाली बसवितो. विधानसभेत आकडा सांगणाऱ्याने त्याचा हिशेबही सभागृहापुढे ठेवावा आणि शिक्षकाने त्या मुलाला फळ्यापाशी बोलवावे. शासनाला यासाठी एक पैसाही वेगळा खर्चावा लागणार नाही.