खालांची कंबर आणि आमच्या वह्या

मागच्या वेचणीच्या हंगामात मोहल्ल्यातल्या एका खालांनी आम्हाला दारातच अडवलं. “बेटा, कमर ने जीना हराम कर दिया,” म्हणाल्या. कंबरेला रुंद पट्टा, हातात गोळ्यांची पुडी. शेगावच्या आसपासच्या शिवारात त्या कापूस वेचायला जातात. मजुरी किलोवर, हात थांबला की कमाई थांबली. एक्स-रेत काही निघालं नव्हतं. मग दुखतं कशानं? प्रश्न त्यांचा, पण आमचाही तोच होता. सहामाहीच्या वह्या तपासता तपासता आमची कंबरही दोन वर्षं कुरकुरत होती.

आम्ही अकोल्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं. त्यांनी टेबलाच्या कडेशी उताणं निजवून एक गुडघा छातीशी धरायला लावला. दुसरी मांडी आपोआप वर उचलली गेली, खाली टेकेचना. “हेच दुखणं,” बाई म्हणाल्या.

मणक्याच्या खालच्या भागापासून मांडीच्या हाडापर्यंत एक जाड स्नायू जातो. तासन्‌तास बसून तो आखडतो. पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू मात्र कामाविना ढिले पडतात. मग ओटीपोटाचं हाड पुढे कलतं, कंबरेचा बाक वाढतो आणि पाठीचे स्नायू कायम ताणलेले राहतात. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी ही जोडी फुलीच्या आकाराची असल्याचं दाखवलं: एका तिरप्या रेषेवर आखडलेले स्नायू, दुसरीवर दुबळे. मुलांना फळ्यावर काढून दाखवावी अशी ही आकृती आहे.

पण प्रत्येक कंबरदुखी या फुलीत बसत नाही. असा असमतोल असूनही न दुखणारी माणसं पुष्कळ आहेत. झोप, चिंता, कामाचा बोजा हेही त्यात असतं.

खालांचं गणित तर आमच्या उलट. त्या बसत नाहीत, वाकतात. माणूस पूर्ण वाकून राहिला की पाठीचे स्नायू जवळजवळ काम सोडतात आणि भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. हे 1955 सालीच नोंदवलं गेलं आहे. तासभर असं राहिल्यावर ते बंध सैलावतात, लगेच पूर्ववत होत नाहीत. आणि नेमकं त्याच वेळी खाला कापसाचं गाठोडं उचलून डोक्यावर घेत! आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की आधी दोन-तीन मिनिटं सरळ उभं राहा, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुका, मग गाठोड्याला हात लावा. आणि उचलताना दुसरीला हाक मारा.

पट्ट्याबद्दल आम्हाला स्वतःला नवल वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांची शिफारस आहे. पट्टे आणि ओढ देण्याचे उपचार सरसकट देऊ नयेत असं म्हटलं आहे. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा हा प्रश्न काही एकट्या शेगावचा नाही.

आम्हाला दिलेले व्यायाम साधे आहेत. उताणं निजून गुडघे दुमडायचे, कुल्ले आवळून कंबर उचलायची, पाच श्वास धरायची. एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीचा पुढचा भाग ताणायचा. हातागुडघ्यांवर येऊन समोरचा हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. फरक जाणवायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर घरात बरीच थट्टा झाली.

कोणी विचारतं, नमाजनं कंबर बरी होते का? नमाज इबादत आहे, इलाज म्हणून तिच्याकडे पाहू नये. पण दुखतंय म्हणून खुर्ची धरली, की ती सुटत नाही असंही आम्ही पाहिलं आहे. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना मुभा आहेच. बाकीच्यांनी सुटण्याचा प्रयत्न तरी करावा.

पायात बळ कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, ताप किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

खाला या हंगामात पुन्हा वेचणीला गेल्या. पट्टा खिळ्याला लटकलेला आहे. दुखणं पुरतं गेलेलं नाही. शुक्रवारी त्या सुट्टी घेतात, आणि गाठोडं आता दोघी मिळून उचलतात.