पहिले मोठे काम : ‘हो’ म्हणण्यापूर्वी

फरीदाबादमध्ये ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग बनविणारे लहान कारखाने ठिकठिकाणी आहेत. समजा, अशाच एका कारखान्याचे मालक ओळखीच्या मराठी गृहस्थांना म्हणाले, ‘‘तुमची मुलगी कॉम्प्युटरची कामं करते ना? आमची वेबसाइट तिलाच करायला सांगा. गिऱ्हाइकाने भागाचा नंबर टाकला की किंमत, शिल्लक माल, मागच्या ऑर्डरी, सगळं दिसायला हवं. महिनाभरात झालं तर फार बरं.’’

मुलीने आतापर्यंत केलेली कामे लहान. एका शिकवणीवर्गाची चार पाने, शेजारच्या केक करणाऱ्या वहिनींची माहिती आणि फोटो. हे काम वेगळे आहे, हे तिला कळते. बाबा म्हणतात, ‘‘हो म्हणून टाक. अशी संधी रोज येत नाही.’’ आई म्हणते, ‘‘आणि नाही जमलं तर? त्यांना तोंड कसं दाखवणार?’’

दोघांचेही चूक नाही. चूक होते ती काम नीट समजून न घेता होकार किंवा नकार देण्यात.

पत्रक आणि खतावणी

साधी वेबसाइट म्हणजे छापील पत्रक. एकदा मजकूर लावला की काम संपले. डेटाबेसवर चालणारी वेबसाइट म्हणजे दुकानाची खतावणी. तिच्यात रोज नोंदी होतात, जुन्या बदलतात आणि अनेकजण एकाच वेळी ती उघडून पाहतात.

ही खतावणी मांडण्याची रीत आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात सांगितली. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते एकमेकांशी जोडावेत. गिऱ्हाइकाचा पत्ता गिऱ्हाइकांच्या तक्त्यात एकदाच लिहायचा, ऑर्डरीच्या तक्त्यात फक्त त्याचा क्रमांक. प्रत्येक ऑर्डरीवर पत्ता लिहिला आणि गिऱ्हाईक बल्लभगडहून पलवलला गेले, तर दहा ठिकाणी बदल करावे लागतात. त्यातला एक राहिला की माल भलतीकडे पोहोचतो.

साधनांचा खर्च ही आता अडचण नाही. पीएचपी आणि मायएसक्यूएल ही दोन्ही १९९५ मध्ये आली आणि आजही ती विनामूल्य वापरता येतात. अवघड आहे ते तक्ते नीट मांडणे.

शेजारच्या दिल्लीतले उदाहरण

फरीदाबादला लागून असलेल्या दिल्लीत संजीव बिखचंदानी यांनी १९९० मध्ये नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता. १९९६ मध्ये प्रगती मैदानावरच्या एका प्रदर्शनात त्यांनी प्रथमच इंटरनेट पाहिले. नोकरीच्या जाहिराती येथे एकत्र मिळाल्या तर, हा विचार त्यांच्या मनात आला. सर्व्हर अमेरिकेत असत. तेथे प्राध्यापक असलेल्या त्यांच्या भावाने महिना २५ डॉलर भाड्याने एक सर्व्हर घेऊन दिला. प्रोग्रॅम अनिल लाल या मित्राने लिहिला. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती टाइप करून भरल्या आणि १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाली. २००६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली.

सुरुवातीला तिचे काम एवढेच होते : जाहिराती साठवायच्या आणि मागेल त्याला शोधून द्यायच्या. बाकीचे सारे नंतर वाढत गेले.

आधी प्रश्न, मग किंमत

म्हणून कारखान्यात जाऊन तासभर बसावे आणि विचारावे : भाग किती आहेत? किंमत सर्वांना एकच की गिऱ्हाइकागणिक वेगळी? शिल्लक मालाचा आकडा रोज कोण भरणार? कोणी काय पाहू नये? आजची नोंदवही मागून घ्यावी. बहुतेक तक्ते तिच्यातच सापडतात.

मग कामाचे टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यात फक्त भागांची यादी आणि शोध, दुसऱ्यात शिल्लक माल, तिसऱ्यात ऑर्डरी. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे, काहीसे आगाऊ. पहिला टप्पा जमला नाही, तर नुकसान तेवढ्यापुरतेच राहते.

नवशिक्यांकडून दोन गोष्टी हमखास राहून जातात. गिऱ्हाइकाने भरलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत जोडला, तर कोणी खोडसाळ माणूस त्या चौकटीतून आज्ञा घुसवून सारी यादी पळवू किंवा पुसू शकतो. म्हणून आज्ञा आणि मजकूर वेगळे ठेवावेत. दुसरे, रोजची नक्कल ठेवावी आणि तिच्यावरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे एकदा करून पाहावे.

ओळख असली तरी कागद हवा

काय करायचे, काय नाही, नंतरच्या दुरुस्त्या किती दिवस फुकट, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. प्रोग्रॅम कोणाच्या मालकीचा, हेही लिहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, लेखी करार नसल्यास, सामान्यतः लिहिणाऱ्याकडेच राहतो. मालकांना हे ठाऊक नसते आणि पुढे मने दुखावतात.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने उद्यम नोंदणीही करून घ्यावी. तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणी असलेल्या लहान सेवादात्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याज लागते.

आता मुलीने काय उत्तर द्यावे? ‘‘अंकल, मला आठ दिवस द्या. तुमची नोंदवही पाहते, मग कोणता भाग किती दिवसांत होईल ते लिहून देते. जे जमणार नाही, तेही आधीच सांगेन.’’

असे उत्तर ऐकून एखादा मालक दुसरीकडे जाईलही. पण जो थांबेल, त्याच्याकडे पुढच्या वर्षीही ताठ मानेने जाता येईल, आणि आईची काळजीही मिटेल.